भीती कुणाला वाटली?

स्वतःच्या मनात डोकावायला बसलेला माणूस बहुतेक वेळा विचारांपाशीच अडकतो. विचाराला शब्द असतात. तो वाक्यासारखा ऐकू येतो, वहीत उतरवता येतो, दुसऱ्याला सांगता येतो. भावना छातीत, घशात, पोटात असते आणि तिचं वर्णन करायला गेलं की निम्मी निसटून जाते. म्हणून 'काय होतंय तुला?' असं कुणी विचारलं की आपण सांगतो, 'माझ्यावर अन्याय झालाय.' हा निकाल झाला. आत नेमकं काय होतंय ते सांगायचं राहूनच गेलं, आणि पुढचं सगळं आत्मपरीक्षण या निकालाभोवती फिरत राहतं: अन्याय कुणी केला, कधीपासून केला, मी तरी काय वाईट केलं होतं.

आत्मशोधाची वाट भावनेपासून सुरू करावी, आणि प्रश्न भावनेच्या कारणाकडे न नेता ती ज्याला होते त्याच्याकडे न्यावा, असं माझं ठाम मत आहे. हे प्रकरण त्यासाठीच आहे.

डोंबिवलीतली एक आई डोळ्यांसमोर आणू. मुलगी अंधेरीला नोकरीला. दादरला गाडी बदलून रात्री साडेनऊपर्यंत घरी येते. आज दहा वाजले, सव्वादहा झाले. फोन बंद. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. तो येतो त्या क्षणी आईच्या मनात एकही पूर्ण वाक्य नसतं. मग वाक्यं येऊ लागतात: गाड्या बंद पडल्या असतील, पण मग शेजारचे जोशी कसे आले? गर्दीत दारात उभी राहिली असेल का? काही झालं तर नसेल ना? प्रत्येक वाक्यागणिक गोळा घट्ट होतो आणि घट्ट झालेला गोळा पुढचं वाक्य आणखी भयंकर करतो. साडेदहाला बेल वाजते. मुलगी दारात उभी.

"अगं, एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

"आई, बॅटरी संपली होती गं. आत तर येऊ दे."

"कुणाकडून तरी करता आला असता ना! घरी कुणी वाट बघत असेल याचं काही आहे का तुला?"

आता तो राग आहे. मघाशी भीती होती. पण छातीतली धडधड तीच, हातांची थरथर तीच, चढलेला श्वासही तोच. बदलला तो विचार: 'तिला काही झालं तर' जाऊन 'तिला माझी किंमत नाही' आलं. त्यामुळे शरीरात उसळलेलं तेच बळ दुसऱ्या नावाने बाहेर पडलं. रात्री ही आई विचार करत बसली तर 'आजकालची मुलं बेजबाबदार आहेत' यावर विचार करेल. भीतीकडे वळून बघायचं तिच्या लक्षातही येणार नाही. खरं तर त्या अर्ध्या तासात तिच्या हाताशी आलेली सगळ्यात खरी गोष्ट ती भीतीच होती.

आधी विचार की आधी भावना, हा वाद मानसशास्त्रात फार जुना आहे. विल्यम जेम्सने 1884 मध्ये 'माइंड' या नियतकालिकात लेख लिहून सगळ्यांची समजूत उलटी केली. दुःख होतं म्हणून आपण रडतो असं नाही, रडतो म्हणून दुःख होतं. शरीरात जो बदल होतो त्याची जाणीव म्हणजेच भावना, असं त्याचं म्हणणं. 1927 मध्ये वॉल्टर कॅननने त्यावर आक्षेप घेतला: आतड्या-हृदयातले बदल फार सावकाश होतात आणि निरनिराळ्या भावनांत बरेचसे सारखेच असतात, मग भीती कोणती आणि राग कोणता हे शरीर कसं ठरवणार? डोंबिवलीच्या आईकडे बघितलं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसतं. 1980 नंतर रॉबर्ट झायन्स आणि रिचर्ड लाझारस यांनी हाच वाद पुन्हा पेटवला. मेंदूच्या अभ्यासात जोसेफ लेडूने उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की धोक्याची खूण मेंदूच्या विचार करणाऱ्या भागात पोचण्याआधीच एका आखूड वाटेने अमिग्डाला या मेंदूतल्याच दुसऱ्या भागापर्यंत जाते आणि शरीर दचकतं. त्या शास्त्रीय वादाचा निकाल इथे लावायचा नाही. आत्मशोधाला बसलेल्या माणसाला त्यातलं एवढंच पुरे, की दोन्ही एकमेकांत इतक्या वेगाने मिसळतात की सावकाश न बघणाऱ्याला तो एकच गोळा दिसतो.

हा गोळा सुटा करण्याचं मोठं काम फिलाडेल्फियाच्या आरन बेकने केलं. बेक मूळचा मनोविश्लेषक. एक स्त्री रुग्ण कोचावर पडून आपल्या खासगी आयुष्याबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता अस्वस्थ होत होती. विषयच तसा आहे म्हणून ती अस्वस्थ झाली, असा अर्थ बेकने आपल्या शिक्षणाप्रमाणे लावला. पण विचारल्यावर तिने वेगळंच सांगितलं. बोलत असताना तिच्या मनात सारखं येत होतं, की मी यांना कंटाळा आणतेय. तोंडून एक गोष्ट चालली होती आणि तिच्याखाली दुसरी वाक्यं धावत होती. अस्वस्थता त्या दुसऱ्या वाक्यांमुळे होती. बेकने त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि पुढे त्यावर अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस त्याच सुमारास याच दिशेने चालला होता. माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचा हट्टी समज त्रास देतो, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं जुनं सूत्र त्याने उघडपणे पाया म्हणून घेतलं. महाराष्ट्रात ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि तिचा अनेकांना फार उपयोग झाला आहे.

मला या पद्धतीबद्दल आदर आहे. खालचं वाक्य ऐकू आलं की निम्मं काम होतं. डोंबिवलीच्या आईला 'तिला माझी किंमत नाही' हे वाक्य स्पष्ट दिसलं तर ते खरं आहे का हे तिला विचारता येईल. पण आत्मशोध म्हणून पाहिलं तर ही वाट एका ठिकाणी थांबते. इथे विचाराला दुसऱ्या, अधिक शहाण्या विचाराने उत्तर द्यायचं असतं. तो शहाणा विचार कुणाचा, आणि ज्याला किंमत हवी आहे तो कोण, हे विचारलं जात नाही. उपचाराला त्याची गरजही नसते. माणूस बरा झाला की उपचाराचं काम संपतं.

दुसरा धोका घरी एकट्याने करायला जाणाऱ्यांचा. विचार तपासता तपासता ते विचारांतच बुडतात. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने याचा आयुष्यभर अभ्यास केला. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी तिने आणि तिच्या सहकारी जॅनी मॉरोने स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या: मन उदास झालं की तुम्ही काय करता? भूकंपानंतर त्याच मुलांना पुन्हा गाठलं, आधी दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी. उदास वाटलं की 'मला असं का होतं' यावर घोळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. 'मी असा का आहे?' हा प्रश्न आत्मशोधासारखा दिसतो, पण बऱ्याचदा तो भावनेपासून लांब जाण्याचा रस्ता असतो. 'का' विचारलं की मन भूतकाळात जातं, पुरावे गोळा करतं, खटला उभा करतं. तेवढ्या वेळात छातीत काय चाललंय तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

युजीन गेंडलिनचं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. शिकागो विद्यापीठात कार्ल रॉजर्ससोबत काम करताना गेंडलिन आणि त्याचे सहकारी उपचारांच्या ध्वनिफिती ऐकत. कोणते लोक बरे होतात याचा शोध चालला होता. फरक उपचारकात कमी आणि रुग्णाच्या बोलण्यात जास्त सापडला. बऱ्या होणाऱ्यांचं बोलणं अडखळत चालायचं. मराठीत बोलले असते तर असं काहीसं बोलले असते: 'मला राग आलाय... नाही, राग नाही तो... कसं सांगू... इथे काहीतरी अडकल्यासारखं... हां, एकटं पडल्यासारखं.' हे लोक शब्द आतल्या जाणिवेवर लावून बघत होते आणि जुळला नाही तर टाकून देत होते. नेमका शब्द सापडला की शरीर सैल व्हायचं, सुस्कारा बाहेर पडायचा. 1978 मध्ये गेंडलिनने 'फोकसिंग' हे पुस्तक लिहून हे कसब सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमनच्या गटाने मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते. म्हणजे विचाराचा भावनेला उपयोग आहे, पण तो तिच्या पाठीमागून, तिला विचारत विचारत आला तर.

आपल्याकडे इगतपुरीला 1976 पासून हेच वेगळ्या अंगाने शिकवलं जातं. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि 1969 मध्ये भारतात आले. धम्मगिरी या इगतपुरीच्या केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवशी विपश्यना. तिथलं सांगणं असं, की आपण बाहेरच्या माणसावर चिडतो असं आपल्याला भासतं, पण त्या दोघांच्या मध्ये शरीरावरची एक संवेदना असते आणि मन प्रतिक्रिया देतं ती त्या संवेदनेला. शिबिराला जाऊन आलेल्याला हे समजावून द्यावं लागत नाही. तासभर हलायचं नाही असं ठरवून बसल्यावर गुडघ्यातली कळ आणि 'आता उठावंच' हा विचार यांच्यामधली फट प्रत्यक्ष दिसते.

या फटीतून पुढे एक पाऊल टाकलं ते मदुराईतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने. त्याचं नाव वेंकटरमण. पुढे जग त्याला रमण महर्षी म्हणून ओळखू लागलं.

1896 चा जुलै महिना होता. चार वर्षांपूर्वी वडील वारले होते, मुलगा काकांच्या घरी राहून शिकत होता. अंगाने दणकट, फुटबॉल खेळणारा, झोप इतकी गाढ की जागं करणं मुश्कील. त्या दिवशी तो वरच्या मजल्यावर एकटाच बसला होता. प्रकृतीला काही झालेलं नव्हतं. अचानक आपण आता मरणार अशी प्रचंड भीती त्याच्या अंगावर कोसळली.

इथे तो काय करू शकला असता ते पाहू. खाली जाऊन काकांना हाक मारता आली असती. 'मी तर ठणठणीत आहे' अशी मनाची समजूत घालता आली असती. ते बेक-एलिसच्या वाटेने चुकीचंही ठरलं नसतं. 'मला असं का वाटतंय?' म्हणून वडिलांच्या मृत्यूपर्यंत मागे जाता आलं असतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. डॉक्टरला किंवा वडीलधाऱ्यांना बोलवावं असंही त्याला वाटलं नाही. भीतीला जे सांगायचं होतं ते त्याने शेवटपर्यंत जाऊ दिलं. मरण आलंय ना, मग मरतं ते नेमकं काय? तो आडवा झाला, हातपाय प्रेतासारखे ताठ केले, श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले. 'मी' हा शब्दसुद्धा बाहेर पडू नये म्हणून. हे शरीर आता ताठ झालं, याला स्मशानात नेतील, जाळतील. पण शरीर गेल्यावर मी गेलो का? शरीर असं निपचित पडलेलं असताना 'मी' ची धग पूर्ण जागी होती.

पुढे स्वतः रमणांनी चरित्रकारांना सांगितलेली एक गोष्ट मला या साऱ्या प्रसंगातली सर्वांत महत्त्वाची वाटते. हे सगळं तर्काने काढलेलं अनुमान नव्हतं. जवळजवळ विचाराशिवायच ते समोर लखलखीत उभं राहिलं. मरणाची भीती तेव्हा गेली ती कायमची. त्यानंतर सहाएक आठवड्यांनी त्याने घर सोडलं आणि 1 सप्टेंबर 1896 ला तो तिरुवण्णामलैला पोचला. 1950 मध्ये देह ठेवेपर्यंत ती जागा सोडून तो कुठे गेला नाही.

म्हणजे जगभर 'मी कोण?' या प्रश्नासाठी ओळखल्या जाणाऱ्या या माणसाच्या शोधाची सुरुवात प्रश्नाने झालीच नव्हती. ती भीतीने झाली, अंगात शिरलेल्या, घाम फोडणाऱ्या भीतीने. प्रश्न भीतीच्या पोटातून आला. आणि त्याला उत्तर मिळालं तेही वाक्याच्या रूपात नव्हे.

1901-02 च्या सुमारास शिवप्रकाशम पिळ्ळै हे महसूल खात्यात नोकरी करणारे, तत्त्वज्ञान शिकलेले गृहस्थ अरुणाचल डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत आले. रमण तेव्हा बोलत नसत. पिळ्ळै विचारत गेले आणि उत्तरं लिहून मिळत गेली. त्यातून 'नान यार?' ही छोटी पुस्तिका झाली. ती छापून आली 1923 मध्ये. तिथे मन म्हणजे विचारांचा समूह, आणि सगळ्या विचारांच्या मुळाशी 'मी' हा पहिला विचार, अशी मांडणी आहे. वाचणाऱ्याला वाटतं, इथे भावनांना जागाच नाही. पण रमणांच्या बोलण्यात विचार या शब्दात राग, इच्छा, भीती, ओढ सगळं धरलेलं असतं. मनात उठणारी प्रत्येक लाट. म्हणूनच त्यांची युक्ती दोन्हीला सारखी लागू पडते. काहीही उठलं की त्याच्यामागे धावायचं नाही आणि त्याला हाकलायचंही नाही, विचारायचं: हे कुणाला झालं? उत्तर येतं, मला. मग हा मी कोण? चितेतली लाकडं ढोसणारी काठी शेवटी स्वतःही जळून जाते, तसा हा प्रश्न इतर विचारांना संपवून स्वतःही संपतो, असा दृष्टांत त्या पुस्तिकेत आहे. स्मशानातला दृष्टांत त्यांच्या तोंडी यावा हे मदुराईनंतर स्वाभाविकच.

लोक हा प्रश्न परीक्षेतल्यासारखा सोडवतात. मी शरीर नाही, मी मन नाही, मी आत्मा आहे, असं पाठ म्हणतात. आतली भीती जशीच्या तशी राहते आणि वर वेदान्ताचा थर चढतो. रमण जन्मभर सांगत राहिले, की हा मंत्र नाही, याचा जप करायचा नाही आणि मनाने उत्तर द्यायचं नाही. प्रश्नाचं काम लक्ष वळवण्याचं. भीतीवर खिळलेलं लक्ष भीती ज्याला होतेय त्याच्याकडे वळलं की प्रश्नाचं काम झालं.

मुंबईत खेतवाडीच्या एका लहानशा माळ्यावर निसर्गदत्त महाराज हेच मराठीतून सांगत. मारुती शिवरामपंत कांबळी हे त्यांचं मूळ नाव. विडीचं दुकान चालवणारे संसारी गृहस्थ. सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना 'मी आहे' या जाणिवेला धरून राहायला सांगितलं आणि त्यांनी गुरूवर विश्वास टाकून तेवढंच केलं. मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांच्या संवादांचं इंग्रजीत पुस्तक केलं, ते 1973 मध्ये निघालं आणि खेतवाडीच्या त्या माळ्यावर परदेशी माणसांची रीघ लागली. 'मी अमुक आहे' यातलं 'अमुक' विचार पुरवतो. नुसतं 'आहे' हे विचाराच्या आधीपासून जाणवत असतं. मला रमणांच्या प्रश्नापेक्षा महाराजांचं हे सांगणं सुरुवातीला अधिक सोपं वाटतं, कारण इथे डोकं लढवायला वावच नाही.

डोंबिवलीच्या आईने हे कसं करावं? घड्याळात सव्वादहा झालेत, पोटात गोळा आहे. पुढच्या वाक्याची वाट न बघता तिने गोळ्याकडे जावं. कुठे आहे, बेंबीच्या वर की खाली, थंड आहे की गरम, हलतोय का. वाक्यं येतीलच, त्यांच्याशी वाद नको. फोन करायचे, स्टेशनवर कुणाला पाठवायचं, ती कामं करत राहावं. त्याला शोधाची आडकाठी नाही. मग हळूच विचारावं, ही भीती कुणाला? 'मला, आईला.' आई म्हणून जी घाबरली आहे तिला मी बघतेय; मग बघणारी कोण? इथे कदाचित काहीच सापडणार नाही. पण भीतीपासून न पळता दोन क्षण तिच्यासोबत बसणं घडेल, आणि साडेदहाला दार उघडताना ओरडण्याऐवजी ती मुलीला घट्ट धरण्याची शक्यता बरीच वाढेल. मुलगी घरी यायला हवी होती, हे त्या रागाच्या तळाशी असलेलं खरं वाक्य तेव्हा तिला बोलता येईल.

आत्मशोध केला की माणूस कोरडा होतो, या समजाला रमणांच्याच आयुष्यात उत्तर आहे. त्या जुलैच्या दिवसानंतर वेंकटरमण जवळजवळ रोज संध्याकाळी एकटाच मीनाक्षीच्या देवळात जाऊ लागला. आधी तो मित्रांबरोबर कधीमधी जायचा आणि त्याला विशेष काही वाटायचं नाही. आता मूर्तीसमोर उभं राहिलं की डोळ्यांतून धारा लागायच्या; त्या सुखाच्या की दुःखाच्या हे त्याला सांगता येत नसे. पुढे आश्रमातही पेरियपुराणातल्या भक्तांच्या कथा वाचताना रमणांचा गळा दाटून यायचा आणि वाचन थांबायचं. भीतीला चिकटलेला 'मी' गेला होता. अश्रूंना अडवायला आता कुणी नव्हतं.

वेंकटरमणच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरू नये. तो धडधाकट होता, पोटभर जेवत होता, गाढ झोपत होता. ज्याची झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला जगूच नये असं वाटतंय, किंवा एखादा जुना आघात ज्याच्या अंगावर पुन्हा पुन्हा चालून येतो, त्याने भीतीत एकट्याने उतरू नये. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञ हवा, जवळचं माणूस हवं, गरज असेल तर औषधही हवं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत आणि रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो.